व्हीआरएसला १९ इंची अलॉय: प्रश्न २९ मिलिमीटरचा आहे

पत्र: माझ्याकडे २०२० सालची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ आहे. मूळ व्हीलच्या मागच्या बाजूला ‘७.५ जे × १८, ईटी ५१’ असं कोरलेलं आहे आणि टायर २२५/४० आर १८ आहेत. एका दुकानात १९ इंची अलॉय मनात भरली आहेत: ८.५ जे, ईटी ३५, पीसीडी ५ × ११२, मधलं भोक ६६.६. त्यावर २३५/३५ आर १९ टायर. दुकानदार म्हणतो, “पीसीडी जुळतोय ना, मग बसणारच. घासलं तर फेंडरची कड आतून वळवून देऊ.” नंतर गाडी ३० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगाही टाकायच्या आहेत. महिन्यातून दोनदा आंबा घाटातून रत्नागिरीला जाणं असतं. घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर:

नका घेऊ. दुकानदार खोटं बोलत नाहीये. पीसीडी खरोखर जुळतोय आणि व्हील हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागाला ते बोल्टांनी जोडतात त्यावर, चढेलही. पण पीसीडी म्हणजे फक्त पाच बोल्टांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. व्हील फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीच्या, बाहेर किती येणार, ब्रेकच्या कॅलिपरला लागणार का, हबच्या बरोबर मध्यावर बसणार का आणि बोल्ट ते धरून ठेवणार का, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. तुम्ही पत्रात सगळे आकडे दिलेत हे फार बरं झालं. आता कागद-पेन्सिल घेऊन हिशेबच करू.

रुंदी (‘जे’च्या आधीचा आकडा, इंचात) आणि ऑफसेट हे दोन आकडे नेहमी एकत्र वाचायचे. ऑफसेट म्हणजे व्हीलच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. ‘ईटी’ हा त्यासाठीच्या ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाचा संक्षेप. ईटीचा आकडा जेवढा मोठा, तेवढं व्हील आत सरकतं आणि आकडा कमी झाला की बाहेर येतं. रुंदीचे इंच २५.४ ने गुणून अर्धे करायचे. त्यातून ईटी वजा केला की हबपासून बाहेरची कड मिळते, मिळवला की आतली.

तुमचं मूळ व्हील ७.५ इंच म्हणजे १९०.५ मिमी, त्याचं अर्ध ९५.२५. ईटी ५१ वजा केला तर बाहेरची बाजू ४४.२५ मिमी, मिळवला तर आतली १४६.२५. दुकानातलं व्हील ८.५ इंच म्हणजे २१५.९ मिमी, अर्ध १०७.९५. ईटी ३५ धरून बाहेरची बाजू ७२.९५ आणि आतली १४२.९५. म्हणजे आतल्या बाजूला ३ मिमी जागा उलट वाढली, पण बाहेरची कड जवळजवळ २९ मिमी पुढे आली. एक इंचापेक्षा जास्त.

टायर मात्र तेवढा बाहेर येत नाही. ऑफसेटच्या फरकामुळे १६ मिमी आणि वाढलेल्या रुंदीचे निम्मे ५, असा तो किमान २१ मिमी बाहेर येईल. पण रिमची कड २९ आल्यामुळे टायरची बाजू तिला आज जसं पाठीशी घालते तसं घालणार नाही. फुटपाथच्या कडेचा पहिला ओरखडा रिमवरच उठेल. शिवाय टायरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा (मिमी), दुसरा बाजूच्या उंचीचा (रुंदीच्या टक्क्यांत) आणि शेवटचा रिमच्या व्यासाचा (इंच) असतो. त्या हिशेबाने २३५/३५ आर १९ चा बाहेरचा व्यास ६४७ मिमी होतो, तर तुमच्या टायरचा ६३७. म्हणजे टायर कमानीच्या वरच्या कडेला आणखी ५ मिमी जवळ गेला. त्यात ३० मिमीच्या स्प्रिंगा धरा. मागे दोन माणसं आणि डिकीत सामान असताना घाटातल्या एखाद्या खड्ड्यात गाडी दबली की टायरचा खांदा फेंडरच्या कडेवर जाणार. तिथे पत्र्याची आत वळलेली धार असते आणि ती टायरची बाजू चिरते.

कड वळवून देण्याबद्दलही ऐका. रंग तडकू नये म्हणून पत्रा तापवून वळवावा लागतो, आणि मुळात त्याने मिळतात ते काही मिलिमीटर. तुमची अडचण त्याच्या कितीतरी पुढची आहे. पत्र्याच्या दोन थरांमधलं सीलंट तुटलं तर रत्नागिरीकडच्या पावसात तिथून गंज सुरू होईल. व्हील चुकीचं निवडून गाडी कापत बसण्यात काय हशील?

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पुढच्या चाकांचा ऑफसेट १६ मिमीने कमी झाला की स्टिअरिंगचा आस रस्त्याला जिथे टेकतो तो बिंदू आणि टायरचा मध्य यांच्यातलं अंतर तेवढंच बदलतं. तुमच्या गाडीची २४५ पीएस आणि ३७० एनएम ताकद पुढच्याच दोन चाकांतून जाते. एका चाकाखाली ओला डांबर आणि दुसऱ्याखाली खडी असताना ॲक्सिलरेटर दाबलात तर स्टिअरिंग आजच्यापेक्षा जोरात हिसका देईल. ब्रेक मारतानाही तसंच. व्हील बेअरिंगवरचा तरफेचा भार वाढतो तो वेगळाच. स्पेसर, म्हणजे हब आणि व्हील यांच्यामधली चकती, लावला तरी परिणाम हाच, कारण १६ मिमीचा स्पेसर म्हणजे १६ ने कमी केलेला ईटी.

मग घ्यायचं काय? १८ इंचच ठेवा. ८ जे आणि ईटी ४५ हे माप शोधा. हिशेब करून बघा: ८ इंच म्हणजे २०३.२, अर्ध १०१.६. बाहेरची बाजू ५६.६, आतली १४६.६. बाहेर १२ मिमी आणि आत जेमतेम अर्धा मिमी फरक. व्हील फेंडरच्या कडेजवळ छान भरून दिसेल, आत सस्पेन्शनच्या बाजूला काही बदलणार नाही आणि स्टिअरिंगचा स्वभावही फारसा बिघडणार नाही. टायर तेच २२५/४० आर १८ राहतील. त्या टायरची रुंदी कंपन्या मोजतात तीच मुळी ८ इंची रिमवर, त्यामुळे तो ७.५ पेक्षा इथे अधिक सरळ उभा राहतो. ईटी ४५ नाही मिळालं तर ४८ चालेल, फक्त आतल्या बाजूला सव्वातीन मिमी जास्त जातात, तेव्हा स्ट्रटपासूनचं, म्हणजे सस्पेन्शनच्या उभ्या दांड्यापासूनचं, अंतर बघून घ्या. ईटी ४० च्या खाली जाऊ नका.

१९ चा मोह होतो हे समजतं. पण टायरची बाजू बघा: तुमच्या टायरची उंची ९० मिमी आहे, २३५/३५ ची ८२ आणि २२५/३५ ची जेमतेम ७९. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये एवढंच रबर असतं. १९ मध्ये २२५/३५ घेतला तर व्यास ६४० मिमी म्हणजे मूळच्या अगदी जवळ येतो, पण त्याचा लोड इंडेक्स बहुधा ८८ असतो. ८८ म्हणजे टायरमागे ५६० किलो. २२५/४० आर १८ हा सहसा ९२ चा येतो, म्हणजे ६३० किलो. पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीत हे ७० किलो सोडून देण्यासारखे नाहीत. टायर बदलताना मूळ टायरवरचा लोड इंडेक्स वाचा आणि त्याच्या खाली उतरू नका.

व्हीलचं स्वतःचं वजनही विचारा. दुकानात वजनकाटा नसेल तर घरचा न्या, एक व्हील उचलून उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. तुमचं मूळ व्हीलही टायर काढून असंच मोजा. दिसायला देखणी पण साध्या ओतकामाची १९ इंची व्हीलं मूळ व्हीलपेक्षा जड निघणं नेहमीचं आहे, आणि व्हीआरएससारख्या गाडीत ते लगेच जाणवतं. खड्ड्यात आपटणं वाढतं आणि गाडी पळायला-थांबायला थोडी जास्त वेळ घेते. फ्लो-फॉर्म केलेली, म्हणजे रिमचा पिंप (टायर बसतो तो नळकांड्यासारखा भाग) तापवून रोलरखाली दाबत ताणलेली, व्हीलं त्याच मजबुतीत हलकी मिळतात. जमत असेल तर पैसे तिथे घाला.

आता मधलं भोक. ६६.६ हे माप मर्सिडीजचं आणि २००८ नंतरच्या कित्येक ऑडींचं. तुमच्या स्कोडाचा हब ५७.१ चा आहे. सगळीकडून पावणेपाच मिमी पोकळी राहते. त्यात ६६.६ ते ५७.१ ची हब रिंग बसवलीच पाहिजे, किंवा मुळातच ५७.१ च्या भोकाची व्हीलं घ्या, ते उत्तम. रिंग नसली तर काय होतं? बॅलन्सिंग मशीनवर व्हील मधल्या भोकात शंकू घालून धरतात, त्यामुळे तिथे ते एकदम शून्यावर दिसतं. गाडीवर मात्र ते बोल्ट जिथे ओढतील तिथे मध्यापासून किंचित सरकून बसतं आणि ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग लोक तीनतीनदा बॅलन्सिंग करत बसतात, दोष भलतीकडेच असतो. तुमच्या गाडीला हबवर स्टड नाहीत, बोल्ट बाहेरून आत जातात. त्यामुळे बोल्ट लागेपर्यंत व्हीलला आधार असतो तो हबच्या मध्यावरच्या गोल उंचवट्याचा, म्हणजे ओठाचाच.

रिंग ॲल्युमिनियमची घ्या. स्वस्त प्लास्टिकच्या रिंगा घाटात ब्रेक तापले की मऊ पडतात. ॲल्युमिनियमची अडचण एकच: कोकणच्या ओलाव्यात ती लोखंडी हबवर जाम होते. बसवण्याआधी हबचा ओठ तारेच्या ब्रशने घासून त्यावर अँटी-सीझचा, म्हणजे धातू जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा, अगदी पातळ हात फिरवा. बोल्टांच्या आट्यांना मात्र त्यातलं काही लागू देऊ नका.

हे सगळं जमलं तरी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते बोल्टांकडे. इथली चूक नुसती गाडी थरथरवून थांबत नाही, चाक सुटू शकतं. तुमच्या गाडीचे बोल्ट एम १४ × १.५ मापाचे आहेत आणि त्यांची बसणी, म्हणजे व्हीलवर टेकणारी बाजू, गोल आहे, १३ मिमी त्रिज्येची. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशाची शंकूसारखी बसणी असते. गोल बोल्ट शंकूच्या खळग्यात घातला की तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक रेषेवर टेकतो. पाना लावल्यावर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बरोबर दाखवतो, पण त्या रेषेवरचं ॲल्युमिनियम दबत जातं आणि काहीशे किलोमीटरमध्ये बोल्ट ढिला पडतो. म्हणून नव्या व्हीलची बसणी कोणती ते बोट घालून, डोळ्यांनी बघून ठरवा आणि त्याच बसणीचे वीस बोल्ट व्हीलांसोबतच घ्या. मर्सिडीजसाठीच्या व्हीलांना गोल बसणी असली तरी ती बहुधा १४ मिमी त्रिज्येची असते. तीही तुमच्या बोल्टांची नव्हे.

बोल्टांची लांबी अंदाजाने ठरवू नका. मूळ व्हील जमिनीवर ठेवून त्यात मूळ बोल्ट घाला आणि मागच्या बाजूला आटे किती मिलिमीटर बाहेर येतात ते कॅलिपरपट्टीने मोजा. नव्या व्हीलमध्ये नवा बोल्ट घालून तेच मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. कमी आले तर आटे पुरेसे धरणार नाहीत. एम १४ ला निदान १४ मिमी पकड हवी, म्हणजे हाताने फिरवताना बोल्ट नऊएक फेरे आत जायला हवा. जास्त आले तर बोल्ट हबच्या मागे निघून आतल्या भागांना लागू शकतो. चाक जॅकवर असताना हाताने पूर्ण फेरी फिरवा. टिकटिक किंवा खरखर ऐकू आली तर तिथेच थांबा.

व्हीलच्या मागच्या बाजूची अक्षरंही वाचा. जपानी मानकाचं ‘जेडब्ल्यूएल’ हे कंपनी स्वतः जाहीर करते, तर ‘व्हीआयए’ त्रयस्थ संस्थेच्या चाचणीनंतर मिळतं. दोन्ही असतील तर चांगलं. त्याबरोबर भारक्षमतेचा आकडा असतो, उदाहरणार्थ ६९० किलो. गाडीच्या पाटीवर ‘१-’ आणि ‘२-’ पुढे पुढच्या-मागच्या आसांचा कमाल भार लिहिलेला असतो. त्यातला मोठा आकडा घेऊन निम्मा करा. व्हीलची क्षमता त्याहून जास्त हवी. आकडाच कोरलेला नसेल, तर ते व्हील कितीही सुंदर असो, दुकानातच राहू द्या.

पैसे देण्याआधी एक व्हील टायर न चढवता गाडीवर लावून बघायची अट घाला. टायर चढला की दुकानदार परत घेत नाही. आधी पुढच्या डाव्या चाकाच्या जागी लावा, पाच बोल्ट हाताने घट्ट करा आणि सावकाश फिरवा. कॅलिपर आणि आऱ्यांच्या मागची बाजू यांत, तसंच कॅलिपर आणि पिंपाची आतली बाजू यांत, सगळीकडे निदान ३ मिमी हवेत. मोजायला ३ मिमी जाडीचा पुठ्ठा पुरतो. कॅलिपरच्या जागी समतोल साधणारं चिकट वजन येणार असेल तर त्याचीही जाडी धरा. १८ इंचाची सगळीच डिझाईन सारखी नसतात. आरे आतल्या बाजूला झुकलेले असतील तर ऑफसेट बरोबर असूनही कॅलिपरला लागतात.

फेंडरचं अंतर मोजायला गवंड्याचा ओळंबा वापरा. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि फेंडरच्या कडेवरून चाकाच्या बरोबर मध्यावर दोरी सोडा. दोरी आणि मूळ टायरची सगळ्यात फुगीर जागा यांच्यातलं अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवा. डाव्या-उजव्या बाजूंत दोनतीन मिमीचा फरक सहज निघतो, त्यातला लहान आकडा खरा धरायचा. ८ जे ईटी ४५ वर तुमचा टायर साधारण साडेआठ मिमी बाहेर येणार आहे. मोजलेलं अंतर त्याहून जास्त असेल तर टायर फेंडरच्या आत राहतो, आणि तसाच तो राहायला हवा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या बदलांबद्दल आहे. बाहेर आलेलं चाक रस्त्यात अडवलं जायला निमित्त पुरवतं. व्हील बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

स्प्रिंगा आत्ता नकोत. आधी व्हीलं बसवा आणि हजारभर किलोमीटर चालवा. मग कमानीच्या आत, वरच्या बाजूला लहान मुलांच्या क्लेचे गोळे चिकटवा, चार माणसं बसवा, पूर्ण वळलेल्या स्टिअरिंगने एखाद्या वेगरोधकावरून तिरकी गाडी न्या आणि क्ले किती दबला ते बघा. ३० मिमी खाली आणल्यावर तेवढी जागा उरणार नाही असं दिसलं तर स्प्रिंगा घेऊच नका. घेतल्याच तर त्यानंतर अलाइनमेंट करावीच लागेल. नुसती व्हीलं बदलून अलाइनमेंट बदलत नाही, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

बसवण्याच्या दिवशी समोर उभे राहा. चाक हवेत असताना बोल्ट हाताने लावून घ्यायचे, मग चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एकाआड एक, हलके आवळायचे, गाडी खाली उतरवायची आणि टॉर्क रेंचने १२० एनएमवर त्याच क्रमाने पूर्ण करायचे. हवेच्या बंदुकीने थेट घट्ट करू देऊ नका. एक बोल्ट २०० ने आवळला जातो आणि शेजारचा ८० ने, कुणालाच कळत नाही. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकं थंड असताना पुन्हा १२० ला तपासा, त्या आधी आंबा घाटात जाऊ नका. या ऑक्टाव्हियात हवेच्या दाबाची सूचना चाकांच्या फेऱ्यांवरून दिली जाते, व्हॉल्व्हमध्ये सेन्सर नाही. तेव्हा दाब गाडीवरच्या पाटीप्रमाणे भरून ती यंत्रणा मेनूतून नव्याने सेट करा.

आणि जुने बोल्ट फेकू नका, दुकानातही सोडू नका. डिकीतल्या स्टेपनीला तीच गोल बसणी लागते. पाच मूळ बोल्ट एका कापडी पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवा. नव्या बोल्टांमध्ये चोरीविरोधी बोल्ट असेल तर त्याची किल्लीही त्याच पिशवीत टाका.